तारेवरचे मणी

संध्याकाळी पाचच्या सुमारास शहरातील एखाद्या गृहसंकुलाच्या तळमजल्यावरून एक वेगळाच आवाज येऊ लागतो. चौकटीत ओवलेले मणी बोटांनी वर-खाली सारल्याचा तो आवाज असतो. सतरंजीवर पंधरा-वीस मुले मांडी घालून बसलेली असतात. वय सहा ते दहा. शिक्षिका एका लयीत आकडे सांगत जातात आणि मुलांचे अंगठे व तर्जन्या मण्यांवरून धावत राहतात. काही वेळाने चौकटी बाजूला ठेवल्या जातात. तरीही बोटे थांबत नाहीत. ती हवेतच, नसलेल्या मण्यांवर फिरू लागतात. शेवटचा आकडा उच्चारून होतो न होतो तोच चार-पाच हात वर जातात आणि उत्तर येते. दाराबाहेर चपलांच्या गर्दीत उभे असलेले आईवडील एकमेकांकडे पाहून हसतात. त्यांतील कित्येकांना आपल्या शाळेतला गणिताचा तास आठवत असतो, आणि ती आठवण फारशी सुखाची नसते.

हे समाधान खोटे नाही. परंतु या वर्गांची माहितीपत्रके वाचली, की आश्वासनांची यादी हिशेबाच्या वेगावर थांबत नाही असे दिसते. एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती तल्लख होईल, मेंदूचे उजवे-डावे दोन्ही भाग जागे होतील, सर्जनशीलता फुलेल, आत्मविश्वास येईल आणि सर्वच विषयांत प्रगती होईल, असे पालकांना सांगितले जाते. मध्यमवर्गीय कुटुंबाला शुल्क परवडते. ज्या घरात ते परवडत नाही, तेथेही पोटाला चिमटा काढून ते भरले जाते, कारण मुलाच्या भवितव्याच्या बाबतीत आईवडील घासाघीस करीत नाहीत. म्हणूनच या आश्वासनांपैकी कोणती खरी, कोणती अर्धी खरी आणि कोणती नुसती शोभेची, हे निवडून पाहणे अगत्याचे आहे.

मण्यांचे हे साधन मानवाच्या जुन्या सोबत्यांपैकी एक आहे. ग्रीसमधील सालामिस बेटावर १८४६ साली सापडलेली संगमरवरी मोजणीची फरशी, रोमन लोकांची खोबणीत गोट्या सरकवण्याची पाटी, चीनमधील वर दोन व खाली पाच मण्यांची चौकट, रशियातील दहा-दहा मण्यांच्या आडव्या तारा, अशी त्याची अनेक रूपे आहेत. चिनी मणीगणिताला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज भारतातील वर्गांत प्रामुख्याने जी चौकट दिसते, ती जपानी घाटाची असते: प्रत्येक तारेवर आडपट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत पाच, खाली चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. मराठी मुलखातही तारेवरचे मणी अपरिचित नव्हते. जुन्या दगडी पाटीच्या लाकडी चौकटीत वरच्या बाजूला रंगीत मणी ओवलेले असत, आणि अनेक मुलांनी दहापर्यंतची मोजणी त्यांच्यावरच गिरवली. मुले ते मणी मोजण्यापेक्षा फिरवण्यासाठीच अधिक वापरीत, हा भाग वेगळा.

या जपानी चौकटीचे सामर्थ्य सांगताना नोव्हेंबर १९४६ मधील एका सामन्याचा उल्लेख हमखास होतो. दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेल्या जपानच्या राजधानीत, टोकियोत, तो झाला. एका बाजूला विजेवर चालणारे गणनयंत्र घेऊन बसलेला अमेरिकी सैनिक, दुसऱ्या बाजूला लाकडी चौकट घेऊन बसलेले कियोशी मात्सुझाकी. पाचांपैकी चार फेऱ्या चौकटीने जिंकल्या. केवळ गुणाकाराच्या फेरीत यंत्र सरस ठरले. वेगाचा मुद्दा येथेच मिटतो. सरावलेला हात किती जलद चालू शकतो, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

हा वेग येतो कोठून? चौकटीवर सातात आठ मिळवायचे आहेत असे समजू. एककाच्या तारेवर सात मांडलेले; आणखी आठ मण्यांना तेथे जागा नाही. मग शिकवलेले सूत्र कामी येते: आठाचा ‘मोठा मित्र’ दोन. दशकाच्या तारेवर एक मणी चढवायचा, एककातून दोन उतरवायचे, पंधरा तयार. दहाला पूरक असणाऱ्या संख्या म्हणजे मोठे मित्र आणि पाचला पूरक असणाऱ्या त्या लहान मित्र. अशी मोजकी सूत्रे हजारो वेळा घडून बोटांत मुरली, की चौकटीची गरजच उरत नाही. तिचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते आणि बोटे त्या चित्रावर चालतात. इतर माणसे मनात हिशेब करताना ‘सात आणि आठ पंधरा, हातचा एक’ असे शब्द पुटपुटतात. मणीगणित शिकलेले मूल शब्दांऐवजी चित्र वापरते. ही खरोखरच लक्षणीय गोष्ट आहे, आणि मानसशास्त्रज्ञांना तिचे कुतूहल वाटले यात नवल नाही.

त्या कुतूहलातून जे हाती लागले, ते मात्र माहितीपत्रकांत छापले जात नाही. जपानमधील गियू हातानो आणि केईको ओसावा यांनी या कलेतील अव्वल दर्जाच्या तज्ज्ञांची स्मरणशक्ती तपासली व १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे तज्ज्ञ एकदा ऐकलेले पंधराएक अंक बिनचूक सांगत. सामान्य माणसाची मजल साताच्या आसपास संपते. पण अंकांच्या जागी अक्षरे किंवा फळांची नावे दिली, तेव्हा हे तज्ज्ञ चारचौघांसारखेच ठरले. त्यांची स्मरणशक्ती वाढली नव्हती. अंक ठेवण्यासाठी त्यांना एक चौकट मिळाली होती, आणि त्या चौकटीत आंबा किंवा पेरू मावत नव्हता.

दुसरा पुरावा आपल्याच देशातला आहे. ज्या बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्याच बडोद्यातील २०४ लहान मुलांचा तीन वर्षे अभ्यास करण्यात आला. डेव्हिड बार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे दोन गट पाडले गेले: एकाला मणीगणित, दुसऱ्याला तेवढाच वेळ नेहमीच्या गणिताचा जादा सराव. तीन वर्षांनंतर मणीगणिताचा गट अंकगणितात पुढे होता, आणि ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. परंतु माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची जी मूलभूत क्षमता, तिच्यात मणीगणितामुळे बदल झालेला आढळला नाही. उलट, ज्या मुलांची आकृती व जागा मनात धरण्याची ताकद आधीपासूनच चांगली होती, त्यांनाच या पद्धतीचा अधिक लाभ झाला. म्हणजे जे रोप आधीच सुदृढ होते ते खतावर जोमाने वाढले, आणि श्रेय सगळे खताला देण्यात आले.

मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांच्या भाषेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. निरोगी माणूस साधी बेरीज करतानाही दोन्ही गोलार्ध वापरतच असतो. त्यांतला एक झोपलेला असून मण्यांच्या आवाजाने जागा होतो, ही कल्पना जाहिरातीला साजेशी आहे, एवढेच.

खरा प्रश्न सर्जनशीलतेचा आहे. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० साली या विषयाकडे आपल्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधले आणि विचारांच्या दोन तऱ्हा पुढे स्पष्ट केल्या. एकीत विचार अनेक वाटांनी येऊन एकाच अचूक उत्तराशी मिळतो. दुसरीत तो एका ठिकाणाहून निघून अनेक दिशांना पांगतो. विटेचे किती उपयोग सुचतात, हा त्या दुसऱ्या तऱ्हेचा प्रसिद्ध प्रश्न. भिंत बांधणे हे उत्तर सर्वांना सुचते. दार उघडे ठेवण्यासाठी अडसर, चूल मांडण्यासाठी आधार, कुटून रांगोळीचा लाल रंग, अशी उत्तरे येऊ लागली की मनाची कवाडे उघडल्याचे कळते. आता मण्यांच्या वर्गाकडे पाहावे. तेथे प्रश्नाला उत्तर एकच, त्या उत्तराकडे जाणारी बोटांची वाटही एकच आणि ती वाट कमीत कमी वेळात तुडवणाऱ्याला पदक. सातात आठ मिळवण्याची दुसरी रीत सुचलेल्या मुलाला तेथे थांबवले जाते, कारण दुसरी रीत म्हणजे वेगात खंड. या शिस्तीत गैर काही नाही. तबल्याचा कायदा किंवा टंकलेखन अशाच शिस्तीने शिकवावे लागते. पण तिला सर्जनशीलतेची शाळा म्हणणे म्हणजे शुद्धलेखनाच्या वहीला कवितेची वही म्हणण्यासारखे आहे.

भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९६५ साली मिळवणारे रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या १९८५ च्या आठवणींच्या पुस्तकात ब्राझीलमधील एका उपाहारगृहातील प्रसंग सांगितला आहे. चौकटी विकणारा एक जपानी गृहस्थ तेथे आला आणि त्याने हिशेबाचे आव्हान दिले. बेरजेत फाइनमन सपशेल हरले. गुणाकारातही हरले, पण अंतर कमी झाले. भागाकारात बरोबरी झाली. इरेला पेटलेल्या विक्रेत्याने मग घनमूळ काढण्याचे ठरवले, आणि संख्या निघाली १७२९.०३. एका घनफुटात १७२८ घनइंच असतात, हे फाइनमन यांना ठाऊक होते. म्हणजे उत्तर बारापेक्षा किंचित अधिक. ते किंचित किती, याचा अंदाज त्यांनी साध्या युक्तीने बांधला आणि १२.००२ असे उत्तर सांगितले. समोरचा गृहस्थ घामाघूम होऊन अजून मणी सरकवत होता. फाइनमन यांना जाणवले ते असे, की त्या माणसाला चौकट येत होती, पण संख्यांशी त्याची ओळख नव्हती. या कथेत विनोद आहे, तसा थोडा अन्यायही आहे. फाइनमन यांच्यासारखी बुद्धी सर्वांना नसते आणि १७२९.०३ ही संख्या त्या दिवशी त्यांच्यावर मेहेरबान झाली होती. तरीही संख्येची ओळख आणि संख्येची हाताळणी या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या उपाहारगृहातील टेबलावर जितके उघड झाले तितके क्वचितच कोठे झाले असेल.

एका ठिकाणी कमावलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचते, हा समजच मुळात तपासून घेण्यासारखा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत विक्रीचे काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ साली प्रसिद्ध झाला. वजन, दर आणि परत द्यायचे सुटे पैसे यांचा गुंतागुंतीचा हिशेब ही मुले कागद-पेन्सिलीवाचून अचूक करीत. पण पाठ्यपुस्तकातील पद्धतीने मांडलेल्या साध्या भागाकारापाशी अडखळत. केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. उदाहरण वहीत सुटे, बाजारातला हिशेब सुटत नसे. बाजारातले गणित जर वहीपर्यंत पोहोचत नाही, तर मण्यांचे गणित चित्रकलेपर्यंत किंवा निबंधापर्यंत पोहोचेल, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

आत्मविश्वासाची गोष्ट मात्र वेगळी आहे. येथे या वर्गांच्या पदरात काही टाकावे लागते. माणसाला आपल्या क्षमतेविषयी वाटणारा भरवसा हा उपदेशाने येत नाही. हातून काही जमले, या अनुभवाने येतो, हे अल्बर्ट बांडुरा यांनी दाखवून दिले. त्यांचा आणि डेल शंक यांचा १९८१ चा एक प्रयोग शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वजाबाकीत कच्ची आणि गणिताला कंटाळलेली मुले निवडून त्यांना ४२ पानांचा सराव देण्यात आला. काहींना सांगितले, की सात बैठकांत मिळून सगळी पाने संपवा. काहींना सांगितले, की प्रत्येक बैठकीत सहा पाने करा. गणिते तीच, पाने तेवढीच. तरीही रोज सहा पानांचे उद्दिष्ट असलेली मुले वजाबाकीत पुढे गेली, त्यांचा स्वतःवरचा भरवसा वाढला, आणि पुढे कोणी सांगितले नसतानाही ती आपणहून वजाबाकीची उदाहरणे सोडवू लागली.

मण्यांच्या वर्गातील मुलाचा चेहरा का उजळतो, याचे उत्तर येथे सापडते. तेथे अभ्यासक्रमाच्या लहान लहान पायऱ्या असतात, प्रत्येक पायरी मुलाच्या आवाक्यात असते, रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव ठरलेला असतो आणि उत्तर बरोबर आले की नाही हे क्षणात कळते. शाळेत साठ मुलांच्या वर्गात ज्याचा हात कधी वर गेला नाही, त्याचा हात येथे वर जातो. गणित शिक्षणावरील राष्ट्रीय गटाने २००६ मध्ये जो निबंध सादर केला, त्यात बहुसंख्य मुलांना गणिताबद्दल वाटणारी भीती आणि अपयशाची भावना ही पहिली समस्या म्हणून नोंदवली होती. त्या भीतीची एक गाठ जरी या मण्यांनी सैल झाली, तरी त्याचे मोल आहे. पण हे मोल पायऱ्यांचे आहे. मणी असोत, चिंचोके असोत किंवा नुसती पाटी-पेन्सिल असो, पायऱ्या आवाक्यातल्या असल्या तर भरवसा येतो. तो विकत घेण्याची वस्तू नाही, आणि ज्या आईला ते शुल्क परवडत नाही तिने आपल्या मुलाचे काही हिरावले, असे मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

याच नाण्याची दुसरी बाजू स्पर्धेच्या दिवशी दिसते. मोठ्या सभागृहात शेकडो मुले, घंटा, ठराविक मिनिटे आणि शंभर-दोनशे उदाहरणांचा कागद. ज्यांची बोटे धावतात त्यांची छायाचित्रे निघतात. काही मुले मात्र मुळात संथ असतात. ती विचार करतात, मागे वळून पाहतात, एखाद्या उदाहरणापाशी रेंगाळतात. गणितात हा गुण आहे, पण घंटेपुढे तो दोष ठरतो. अशा मुलाने त्या सभागृहातून ‘मला गणित येत नाही’ असा निष्कर्ष घेऊन घरी जावे, यासारखे दुर्दैव नाही. आणि एकदा घेतलेला हा निष्कर्ष फार वर्षे टिकतो. शाळा अर्ध्यावर सोडून प्रौढपणी पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या अनेकांच्या मनात तो तसाच शिल्लक असतो. दिवसभर दुकानात लाखाचा हिशेब चोख ठेवणारा माणूस गणिताची प्रश्नपत्रिका पाहून घाबरतो, तो आकड्यांना घाबरत नाही. त्याला घंटा ऐकू येत असते.

घर आणि शाळा यांच्यातील ओढाताणही लहान नाही. वर्गात मूल उत्तर थेट लिहिते. शिक्षक म्हणतात, रीत दाखव. मुलाजवळ रीत आहे, पण ती बोटांत आहे, कागदावर उतरत नाही. गुण कापले जातात आणि दोन्हीकडे बरोबर असलेले मूल गोंधळते. मागच्या पिढ्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकली. साडेतीनाचा पाढा तोंडपाठ असलेली माणसे बाजारात फसत नसत. पण त्या सगळ्यांना अपूर्णांक समजला होता, असे म्हणण्याचे धाडस जुन्या शिक्षकांनीही केले नसते.

एका क्षेत्रात मात्र मण्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतील टिम क्रॅनमर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानी चौकटीतच बदल करून मण्यांमागे मऊ कापडाचे अस्तर बसवले, म्हणजे बोट लागून मणी घसरत नाहीत. ते स्वतः दृष्टिहीन होते. डोळस मुलाला कागद आणि पेन्सिल जितकी आवश्यक, तितकीच ही चौकट त्या विद्यार्थ्यांना आवश्यक आहे. तेथे कोणी उजव्या-डाव्या मेंदूच्या गोष्टी करीत नाही. मुले हिशेब करतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात.

चौकट टाकून द्यावी, असे यातून मुळीच निघत नाही. स्थानिक किंमत डोळ्यांना दिसावी आणि हाताला लागावी, यासाठी तिच्याइतके सोपे साधन मिळणे कठीण आहे. प्रश्न तिच्याभोवती काय बोलले जाते, हा आहे. आठ मिळवताना दोन का काढायचे, असे एखाद्या मुलीने विचारले आणि ‘सूत्र आहे, पाठ कर’ असे उत्तर मिळाले, तर तेथे दार बंद होते. ‘दहा देऊन दोन परत घेतले, दुकानात सुटे नसताना करतो तसे’ असे कोणी सांगितले, तर तीच मुलगी नऊसाठी, सातासाठी, पुढे नव्व्याण्णवसाठी स्वतः सूत्र बनवील. इतक्या थोड्या फरकाने कवायतीचे कुतूहल होते, आणि हा फरक करण्यासाठी शिक्षकाला दोन मिनिटे घंटा बंद ठेवावी लागते.

नाशिकजवळच्या देवळाली येथील शाळेत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शिक्षक होते. विद्यापीठाचे पाठबळ नाही, यंत्र नाही. संख्यांशी खेळण्याची आवड मात्र अखंड. त्यांनी १९४९ साली मांडलेली एक गंमत मण्यांच्या कोणत्याही वर्गात करता येण्यासारखी आहे. चार अंक घ्यावेत. चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करावी, लहानात लहान करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतले, तर ५४३२ मधून २३४५ जाऊन ३०८७ येतात, मग ८३५२, मग ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करून पाहावे, पुन्हा ६१७४. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी फार तर सात पायऱ्यांत मणी ६१७४ वर येऊन थांबतात. पंधरा मुलांनी पंधरा निराळ्या संख्या मांडाव्यात आणि सर्वांच्या चौकटी एकसारख्या दिसू लागाव्यात, याहून मोठे आश्चर्य त्या वयात क्वचितच वाट्याला येते. तीन अंकी संख्या घेतली तर ४९५ ही संख्या अशीच वाट अडवून उभी असते. दोन अंकी संख्या घेतल्यावर काय होते, हे मात्र शिक्षकांनी सांगू नये.